पहारा यंत्राचा, जबाबदारी कोणाची?

आपल्या संघाच्या स्मरणिकेत बहुधा बाजारभाव, करांचे ओझे, मालवाहतुकीच्या अडचणी आणि नव्या पिढीचे शिक्षण ह्या विषयांस स्थान मिळत असते, आणि ते योग्यच आहे. परंतु अलीकडे व्यापाऱ्याच्या उंबरठ्याशी एक नवाच प्रश्न येऊन उभा राहिला आहे. सरकारी कचेऱ्या, नगर परिषदा, मंड्या व सरकारी बँका ह्यांच्या संगणकांचे चोरांपासून रक्षण कसे करावयाचे, आणि ज्या ‘कृत्रिम बुद्धिमत्ते’चा सांप्रत सर्वत्र गवगवा चालला आहे, तिला त्या रक्षणाच्या कामी किती अधिकार द्यावयाचा, असा हा प्रश्न आहे. हा विषय तज्ज्ञांचा आहे, आपण त्यात पडण्याचे कारण नाही, असे पुष्कळांना वाटेल. तसे वाटणे कसे अनाठायी आहे हे दाखविण्याचा ह्या लेखात यत्न केला आहे.

प्रथम आपण आपल्याच पेढीकडे पाहू. सतवाससारख्या गावातील व्यापारी मंडीत सोयाबीन किंवा गहू खरेदी करतो. तो माल आवाराबाहेर न्यावयाचा तर ई-अनुज्ञा संगणकावरून काढावी लागते. माल ट्रकमधून दूर पाठवावयाचा तर बहुधा ई-वे बिल लागते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराचा सारा हिशेब सरकारच्या संगणकावर भरावा लागतो. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्ममृत्यूचे दाखले ह्यांची नोंद नगर परिषदेच्या संगणकात, आणि रक्कम तर केव्हाच बँकेच्या संगणकात गेली. पूर्वी कीर्द आणि खतावणी आपल्या गादीशेजारच्या कपाटात असे. कुलूप आपले, किल्ली आपल्या कनवटीस. आज आपल्या वहीची निम्मी पाने दुसऱ्याच्या कपाटात आहेत, आणि त्या कपाटाच्या कुलपाविषयी आपल्याला कोणी काही विचारलेले नाही. ते कुलूप कच्चे निघाले तर नुकसान कपाटवाल्याचे होईलच, पण त्याहून अधिक आपले होईल.

हे केवळ कल्पनेतील भय नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात त्याचा प्रत्यय आला. राज्यातील ४१३ नगरसंस्थांचे व्यवहार ‘ई-नगरपालिका’ नावाच्या एकाच व्यवस्थेवर चालत होते. त्या व्यवस्थेवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. ज्याला रॅन्समवेअर म्हणतात त्या प्रकारात चोराला काही उचलून न्यावेच लागते असे नाही. तो तुमच्याच कपाटाला आपले कुलूप ठोकतो आणि किल्लीची किंमत मागतो. परिणामी कर भरण्याची व दाखले देण्याची कामे अनेक दिवस अडली. सतवासची नगर परिषद ही त्या राज्यव्यापी साखळीतीलच एक कडी. चोराने आपले गाव नकाशावर पाहिलेही नसेल. तरी आपल्या गावचे काम थांबले. संगणकांच्या जाळ्याचे हे वैशिष्ट्य ध्यानात ठेविले पाहिजे की, लहान गाव लहान म्हणून सुरक्षित राहत नाही.

अशी उदाहरणे इतरत्रही आहेत. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर, म्हणजे ‘एम्स’वर, असाच हल्ला झाला. पाच सर्व्हरांवरील माहिती कुलूपबंद झाली, आणि देशातील त्या अग्रगण्य रुग्णालयास सुमारे दोन आठवडे नोंदी कागदावर कराव्या लागल्या. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणकांवरही खंडणीचा हल्ला झाला होता. रुग्णालय असो, औद्योगिक महामंडळ असो वा नगरपालिका असो, लोकांचे काम अडले की संस्था अगतिक होते आणि पैसा मोकळा करील, हे चोर जाणून असतो.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे प्रकरण तर प्रत्येक व्यापाऱ्याने समजून घ्यावे असे आहे. ही बँक सरकारी नव्हे; १९०६ साली स्थापन झालेली ती एक जुनी सहकारी संस्था आहे. परंतु तेथे जे घडले ते कोणत्याही सरकारी बँकेत घडू शकेल अशा जातीचे होते. ११ ऑगस्ट २०१८ ह्या शनिवारी अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांच्या साहाय्याने हजारो वेळा पैसे काढण्यात आले, आणि १३ ऑगस्टला आणखी एक रक्कम परस्पर हाँगकाँगला पाठविण्यात आली. एकूण हानी सुमारे ९४ कोटी रुपयांची. ही किमया कशी साधली? एटीएममध्ये कार्ड घातले की ‘पैसे द्यावे काय?’ अशी पृच्छा बँकेच्या मुख्य संगणकाकडे जाते. चोरांनी मध्येच एक बनावट संगणक-व्यवस्था उभी केली. सर्व पृच्छा तिच्याकडे जात राहिल्या आणि ती प्रत्येकीस ‘द्यावे’ असे उत्तर देत राहिली. आपल्या भाषेत सांगावयाचे तर पेढीच्या दारात एक तोतया मुनीम येऊन बसला, आणि आत शेठजींना न विचारताच आलेली प्रत्येक हुंडी ‘खरी’ म्हणून शिकारत राहिला.

येथे विचारी माणसाच्या मनात सहज एक प्रश्न येतो. एकाच बँकेच्या कार्डांवर काही तासांत २८ देशांतून पैसे निघत आहेत, हे कोणाच्या ध्यानात कसे आले नाही? उत्तर असे की, ते पाहण्यासाठी त्या क्षणी जागा असलेला डोळा तेथे नव्हता. माणूस शनिवारी घरी जातो, रात्री झोपतो, आणि जागा असला तरी सेकंदास शेकडो व्यवहार त्याच्या नजरेखालून जाऊ शकत नाहीत. चोर हे जाणतो. म्हणून तो सुट्टीचा दिवस निवडतो.

फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेवर जो दरोडा पडला, तोही तेथील साप्ताहिक सुट्टी साधूनच. चोरांनी न्यूयॉर्क येथील खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर काढण्याचे हुकूम पाठविले होते. त्यांपैकी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये जाऊन पोहोचले; बहुतेक हुकूम मात्र वाटेत अडले. श्रीलंकेस चाललेला २ कोटी डॉलरचा एक हुकूम अडला तो केवळ ‘फाउंडेशन’ ह्या शब्दाचे स्पेलिंग चुकले होते म्हणून. मधल्या एका बँकेस त्या चुकीने शंका आली, तिने विचारणा केली, आणि चोरी उघडकीस आली. एका अशुद्ध शब्दाने २ कोटी डॉलर वाचविले!

पण आता असा भरवसा धरता येणार नाही. आजचा चोर स्वतःच कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग करतो. ती त्याला निर्दोष इंग्रजीत, हिंदीत वा मराठीत पत्र लिहून देते. अधिकाऱ्याच्या किंवा घरच्या माणसाच्या आवाजाची नक्कल करून देते. अशुद्धलेखनावरून चोर ओळखण्याचे दिवस सरत आले आहेत. चोराच्या हाती यंत्र असताना पहारेकऱ्याच्या हाती केवळ कंदील देऊन चालणार नाही. सार्वजनिक संस्थांनी आपल्या संगणकांच्या रक्षणासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घेतलेच पाहिजे, ह्याविषयी प्रस्तुत लेखकास यत्किंचित संदेह नाही.

हे यंत्र काम कसे करते ते थोडक्यात सांगणे इष्ट होईल, कारण त्याभोवती उगीचच गूढतेचे वलय निर्माण झाले आहे. जुन्या पेढीवर तीस वर्षे बसलेला मुनीम आठवा. कोणता शेतकरी केव्हा येतो, कोणत्या आढत्याची उचल किती असते, कोणाची सही कशी वळते, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असे. रीतीबाहेरचे काही दिसले की तो चष्मा वर करून म्हणे, “जरा थांबा.” यंत्रही तेच करते. कोट्यवधी जुन्या व्यवहारांवरून ते ‘नेहमीचे’ काय हे शिकते आणि जे नेहमीसारखे नाही त्यावर बोट ठेवते. कचेरीतील एखाद्या कारकुनाच्या नावाने रात्री दोन वाजता कोणी हजारो कागद उघडू लागला, किंवा महिनोन्महिने मुके असलेले यंत्र अचानक परदेशाशी बोलू लागले, तर हा यांत्रिक मुनीम तत्क्षणी घंटा वाजवितो. तो झोपत नाही, रजा घेत नाही आणि कंटाळत नाही.

परंतु मुनिमाला वही हवी, तशी यंत्रालाही. संगणकात कोण आला, केव्हा आला, त्याने काय पाहिले व काय बदलले ह्याची नोंद हा त्याचा रोजमेळ होय. संगणकीय आपत्तींसाठी २००४ पासून काम करणाऱ्या ‘सर्ट-इन’ ह्या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढला की, अशा नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या आणि हल्ला ध्यानात येताच सहा तासांच्या आत कळवावे. नियम उत्तम आहे. परंतु ज्या कचेरीत रोजमेळच लिहिला जात नाही, तेथे कितीही बुद्धिमान मुनीम आणून बसविला तरी तो काय वाचणार?

एम्सच्या प्रकरणातील बोध नेमका हाच आहे. संसदेत सरकारने जे कारण सांगितले ते असे की, तेथील संगणकांच्या जाळ्याची विभागणी नीट केलेली नव्हती. म्हणजे वाड्याच्या एका खोलीत शिरलेल्या चोरास बाकीच्या खोल्यांची दारे आयतीच उघडी मिळाली. ही उणीव बुद्धिमत्तेची नव्हे, व्यवस्थेची आहे. जुने सॉफ्टवेअर वेळीच बदलणे, निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्याचा पासवर्ड त्याच दिवशी बंद करणे, प्रत्येकास त्याच्या कामापुरताच अधिकार देणे, आणि सर्व माहितीची एक प्रत जाळ्यापासून अलग ठेवून ती खरोखर उघडते की नाही हे मधूनमधून पडताळून पाहणे, ही कामे नीरस आहेत. त्यांचे उद्घाटन होत नाही, छायाचित्रे निघत नाहीत. म्हणूनच ती मागे पडतात, आणि नवे यंत्र घेतल्याची घोषणा पुढे येते. कोठाराच्या भिंतीस भगदाड असता दाराशी उंची जातीचा कुत्रा बांधणारा गृहस्थ आपण शहाणा समजत नाही. कचेरीलाही तोच न्याय लावला पाहिजे.

आता आपल्या व्यवसायाशी अगदी निकटचा असा जो प्रश्न, त्याकडे वळू. सायबर चोर लुबाडलेला पैसा सहसा स्वतःच्या खात्यात घेत नाही. तो भाड्याने घेतलेल्या, गरिबास थोडेबहुत पैसे देऊन मिळविलेल्या खात्यांतून भराभर फिरवितो. ह्यांना ‘म्यूल’ खाती, म्हणजे दुसऱ्याचे ओझे वाहणारी खेचरे, असे म्हणतात. आपण भाडोत्री खाती म्हणू. ती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नवोपक्रम केंद्राने ‘म्यूलहंटर’ नावाचे एक कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन तयार केले. डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याची माहिती जाहीर केली. तोपर्यंत दोन मोठ्या सरकारी बँकांत त्याची चाचणी झालेली होती. भाडोत्री खात्यांच्या वागण्याच्या १९ तऱ्हा अभ्यासून ते बेतले आहे. नंतर इतरही बँकांनी ते स्वीकारले. चोराचा पैसा जेथून वाहतो ती मोरीच बुजविण्याचा हा उपाय आहे, आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे.

तथापि व्यापाऱ्याने कोणत्याही वस्तूचे स्वागत हिशेब करूनच करावे. तर हिशेब करू. समजा, एका बँकेत एक लाख खाती आहेत आणि त्यांपैकी शंभर भाडोत्री आहेत. समजा, यंत्र इतके हुशार आहे की शंभरांपैकी पंच्याण्णव भाडोत्री खाती ते अचूक पकडते, आणि सरळ खात्यांपैकी शंभरात केवळ एकाविषयी त्याची चूक होते. ऐकावयास हे फार उत्तम वाटते. पण सरळ खाती ९९,९०० आहेत. त्यांच्या शंभरात एक म्हणजे ९९९. यंत्राने बोट दाखविलेली एकूण खाती झाली १,०९४. त्यांत चोर पंच्याण्णव आणि सज्जन ९९९! म्हणजे संशयित ठरलेल्या दर बारा जणांत सुमारे अकरा निरपराध. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. खऱ्या यंत्राचे प्रमाण ह्याहून चांगले वा वाईट असू शकेल. परंतु जेथे सज्जन फार आणि चोर थोडे, तेथे लहानशी चूकही पुष्कळ सज्जनांना बाधते, हा गणिताचा नियम कोणत्याही यंत्रास टाळता येत नाही.

आणि हे जे निरपराध, ते कोण असतील? जे वागण्यात भाडोत्री खात्यासारखे दिसतात ते. भाडोत्री खात्याची ठळक लक्षणे कोणती? कित्येक महिने खात्यात फारशी हालचाल नसते. मग अचानक मोठ्या रकमा येतात. आल्या दिवशीच त्या अनेकांना वाटल्या जातात. संध्याकाळी खाते पुन्हा रिकामे. आता, व्यापारी बंधूंनो, आपल्या मंडीतील एखाद्या लहान व्यापाऱ्याचे खाते डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात त्याचे काम मंद असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन येते, मार्च-एप्रिलात गहू व हरभरा. त्या दिवसांत बाहेरच्या खरीददाराकडून सकाळी मोठी रक्कम जमा होते आणि सायंकाळपर्यंत ती पंचवीस-तीस शेतकऱ्यांच्या खात्यांत जाते. तशी ती जावयासच हवी. शेतकऱ्यास त्याच दिवशी मोल चुकते करावे हा मंडीचा नियम आहे आणि सचोटीचाही. म्हणजे जो नियमाने वागतो, तोच यंत्रास चोरासारखा दिसण्याचा संभव अधिक! शहरातील पगारदारांच्या खात्यांवर शिकलेल्या यंत्राला सोयाबीनचा हंगाम कोण शिकविणार?

यंत्राने नुसते बोट दाखविले तर कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते बोट दाखविताच खाते गोठविले जाते तेव्हा. सायबर फसवणुकीच्या तक्रारींवरून खाती थांबविण्याची रीत यंत्रांच्या आधीपासून रूढ आहे, आणि तिचा जाच अनेक दुकानदारांनी सोसला आहे. दूरच्या कोणत्या तरी राज्यात फसवणूक होते. तो पैसा चार खात्यांतून फिरतो. त्यातलेच काहीशे रुपये देऊन कोणी तुमच्याकडून साखर-तेल घेऊन जातो. आणि एके सकाळी तुमचे सारे खाते बंद! वाद काहीशे रुपयांचा, पण अडलेली रक्कम लाखोंची. शेतकऱ्याचे देणे राहते, दिलेला धनादेश परत येतो, आणि तीन पिढ्यांनी मिळविलेली पत एका दिवसात डागाळते. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच एका प्रकरणात बँकांना बजावले की, सबंध खाते न गोठविता पोलिसांनी सांगितलेल्या वादग्रस्त रकमेपुरतीच अडवणूक करावी. हे तत्त्व न्यायाचे आहे आणि व्यवहाराचेही.

ह्यावर असे म्हटले जाईल की, चोराचा पैसा मिनिटांत पसार होतो. चौकशी करीत बसलो तर हाती काही लागणार नाही. म्हणून आधी अडवावे, मग विचारावे. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. ज्याची आयुष्यभराची पुंजी लुबाडली गेली त्या वृद्धाच्या दृष्टीने पाहिले तर त्वरित अडवणूक हाच एक आधार आहे, आणि उद्या तो वृद्ध आपल्याच घरचा असू शकेल. तेव्हा अडवू नका असे आपण म्हणू नये. आपले म्हणणे इतकेच की, यंत्राच्या सांगण्यावरून जे अडवावयाचे ते काही तासांपुरते, आणि वादग्रस्त रकमेपुरते. त्या अवधीत एका माणसाने कागद पाहावे, खातेदारास विचारावे आणि स्वतःच्या सहीने निर्णय द्यावा. घाईची गरज अडविण्यात आहे. अडवून ठेवण्यात नाही.

‘स्वतःच्या सहीने’ ह्या शब्दांवर आमचा विशेष भर आहे. हुंडीच्या व्यवहारात आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न फार पूर्वीच सोडविला होता. शाहजोग हुंडीचे पैसे कोणाही वाटसरूस मिळत नसत. ते ‘शाहा’स, म्हणजे बाजारात पत असलेल्या गृहस्थासच द्यावयाचे. कारण उघड आहे. हुंडी पुढे खोटी वा चोरीची निघाली तर तो शाह रक्कम परत भरून देण्यास बांधलेला असे. सारा विश्वास कागदावर नव्हता, कागदामागे उभ्या असलेल्या नावावर होता. कृत्रिम बुद्धिमत्ता कितीही चतुर झाली तरी ती शाह होऊ शकत नाही. तिला पत नाही, नाव नाही, चुकीची भरपाई करण्यास घरदार नाही. तिचा निर्णय चुकला तर ती लाजणार नाही की पुढच्या बाजारात तोंड चुकविणार नाही. म्हणून सार्वजनिक संस्थेतील प्रत्येक यंत्रामागे एक शाह हवा: नावाचा, हुद्द्याचा, ज्याच्याकडे अर्ज घेऊन जाता येईल आणि ज्याला मुदतीत उत्तर द्यावे लागेल असा अधिकारी. ‘संगणकानेच अडविले आहे, आम्ही काय करणार?’ हे उत्तर ज्या खिडकीवर मिळते, तेथे यंत्र पहारेकरी राहिलेले नसून न्यायाधीश होऊन बसले आहे असे समजावे.

लहान संस्थांविषयी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे. सतवासची नगर परिषद किंवा एखादी मंडी समिती स्वतःच्या बळावर असे यंत्र विकत घेऊन चालवू शकणार नाही. आणि तिने तसे करूही नये. हा पहारा राज्याच्या पातळीवर एकत्र असावा, जेणेकरून एका गावी दिसलेला चोर दुसऱ्या गावी पोहोचण्याआधीच त्याची वर्दी पोहोचेल. परंतु माहितीची अलग ठेवलेली प्रत, पासवर्डांची शिस्त आणि आणीबाणीत चार दिवस कागदावर काम चालविण्याची तयारी, ह्या गोष्टी गावातच असल्या पाहिजेत. २०२३ च्या डिसेंबरातील अनुभवावरून हे दिसलेच आहे की, सर्वांची तिजोरी एक केली की सोय होते, तसा धोकाही एकवटतो.

आता आपले कर्तव्य. दुसऱ्याकडे शिस्त मागणाऱ्याने आपली वही आधी नीट ठेवावी. आपले किंवा नोकरामाणसांचे खाते कोणास ‘दोन दिवसांपुरते’ही वापरू देऊ नये, भाडोत्री खात्याचा उगम बहुधा अशा भिडेतच होतो. दुकानाचे आणि घरचे खाते वेगळे असावे. अनुबंध पत्र, तौल पर्ची व भुगतान पत्रक क्रमवार जपावे. कारण खाते अडलेच, तर तेच आपले साक्षीदार. नेहमीच्या व्यापाऱ्याचा ‘आमचा खाते क्रमांक बदलला आहे’ असा निरोप आला, तर पैसे पाठविण्यापूर्वी त्याच्या जुन्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करावी. आवाज ओळखीचा वाटला म्हणून भुलू नये. आणि फसवणूक झालीच तर लाजेखातर गप्प न बसता तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. पहिल्या तासात केलेल्या फोनाचे मोल पुढील वर्षभराच्या अर्जांहून अधिक आहे.

व्यक्तीने करावयाचे हे झाले. पण काही कामे संघानेच करावयाची असतात. आमची नम्र सूचना अशी की, आपल्या संघाने येत्या हंगामापूर्वी गावातील प्रत्येक बँक शाखेस मंडीच्या परवानाधारक व्यापाऱ्यांची यादी आणि आवकेच्या महिन्यांचे पत्रक लेखी द्यावे, आणि ते वरिष्ठ कचेरीकडे पाठविण्याची विनंती करावी. यंत्रास हंगाम शिकविण्याचा हा आपल्या हातचा मार्ग आहे. खाते अडल्यास तक्रार कोणत्या अधिकाऱ्याकडे, किती दिवसांत, हेही लेखी विचारून घ्यावे. नगर परिषदेस दोनच प्रश्न विचारावे: आमच्या नोंदींची अलग प्रत आहे काय, आणि ती शेवटची केव्हा उघडून पाहिली? ह्या प्रश्नांस संगणकाचे ज्ञान लागत नाही. आपल्या ठेवीची चौकशी करणाऱ्या कोणत्याही ठेवीदाराने विचारावे असेच ते आहेत.

यंत्र येणार आहे, ते यावे. रात्री जागण्यासाठी, कोट्यवधी व्यवहारांवर नजर ठेवण्यासाठी आणि तोतया मुनिमास दारातच हटकण्यासाठी त्याची आवश्यकता आहे. परंतु त्याच्या हाती घंटा द्यावी, किल्ली देऊ नये. किल्ली ज्याच्या हाती राहील त्या माणसाचे नाव आपणास ठाऊक असावे, इतकीच आपली मागणी आहे. आणि पत हेच ज्यांचे भांडवल, त्या व्यापाऱ्यांनी ती मागणी केली नाही, तर ती दुसरे कोण करणार?